'इमोशन': एका पडलेल्या अल्बमचे चाहते

कॅनडाच्या गायिका कार्ली रे जेप्सन यांचा 'इमोशन' हा अल्बम ऑगस्ट 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्याविषयीचे तीन निकाल तीन ठिकाणी लागले आणि त्यांपैकी एकही दुसऱ्याशी जुळला नाही. बाजाराने तो जवळजवळ नाकारला. समीक्षकांनी काहीशा आश्चर्याने त्याचे स्वागत केले. आणि चाहत्यांच्या एका लहान पण चिवट वर्गाने त्याला असे उचलून धरले की पुढील दशकभरात या अल्बमचे नाव त्याच्या विक्रीच्या मानाने कितीतरी अधिक वेळा घेतले गेले. विक्री आणि गुणवत्ता यांची फारकत संगीतव्यवहाराला नवी नाही. या प्रकरणाचे वेगळेपण असे की, हा अल्बम जाणूनबुजून जुन्या धर्तीवर, म्हणजे 1980 च्या दशकातील सिंथ-पॉपच्या आवाजात रचलेला होता, आणि त्या जुनेपणातून बाजाराने, समीक्षकांनी आणि चाहत्यांनी आपापल्या सोयीचे अर्थ काढले.

सिंथ-पॉप म्हणजे सिंथेसायझर या विद्युत-वाद्याला केंद्रस्थानी ठेवून रचलेले लोकप्रिय गीतसंगीत. तार छेडून, हवा फुंकून किंवा कातड्यावर थाप मारून उमटणाऱ्या नादाऐवजी या वाद्यात विद्युत-मंडलातून कंपने निर्माण केली जातात, त्यांतील नको ते अंश गाळून नादाला आकार दिला जातो आणि मग पेटीसारख्या पट्ट्यांवरून तो वाजवता येतो. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी 1964 मध्ये अशा वाद्याचा पहिला नमुना तयार केला. पुढील दशकात ते आकाराने लहान आणि किमतीने आवाक्यात येत गेले, आणि जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या 'क्राफ्टवर्क' या वाद्यवृंदाने 'आउटोबान' (1974) या अल्बममधून त्यावर आख्खे संगीत उभे करता येते हे दाखवून दिले. 1979 मध्ये गॅरी न्यूमन यांचे यंत्रवत आवाजातील गीत ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, 1981 मध्ये शेफिल्डच्या 'ह्यूमन लीग'चा 'डेअर' आणि 'डेपेश मोड'चा पहिला अल्बम आला, आणि रोलँड टीआर-808 हे तालयंत्र (1980) व यामाहाचा डीएक्स-7 हा सिंथेसायझर (1983) यांनी त्या दशकाचा नादच निश्चित करून टाकला. त्याच सुमारास ध्वनिमुद्रणात एक युक्तीही रूढ झाली: ड्रमचा आघात मोठ्या खोलीत घुमू द्यायचा आणि ती घूम विरण्याआधीच एकदम तोडायची. पीटर गॅब्रिएल यांच्या 1980 च्या अल्बमवर ड्रमवादक फिल कॉलिन्स आणि ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम यांनी ती प्रथम ठळकपणे वापरली, आणि आज ऐंशीच्या दशकातील गाणे म्हटल्यावर कानात जो भव्य पण आखूड 'धाड' आवाज येतो, तो याच युक्तीचा.

हे संगीत नवे होते तेव्हा त्याच्यावर होणारा मुख्य आरोप थंडपणाचा होता, हे आज विसरले जाते. यंत्र वाजवते, माणूस नाही. गाण्यात घाम नाही, अशी ती तक्रार होती. 'क्वीन' हा ब्रिटिश वाद्यवृंद सत्तरच्या दशकात आपल्या अल्बमच्या वेष्टनांवर सिंथेसायझर वापरला नसल्याची नोंद अभिमानाने छापत असे (1980 मध्ये त्यांनीही तो वापरायला घेतला, हा भाग निराळा), आणि 1982 मध्ये ब्रिटनच्या वादक-संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर व तालयंत्रे यांच्यावर बंदी घालावी असा ठरावच केला होता. त्या विरोधात पोटापाण्याची भीती होती तशीच रसिकतेची एक विशिष्ट कल्पनाही होती. पुढे तीस वर्षांनी हेच नाद ऊबदार, हळवे, तारुण्याची आठवण करून देणारे म्हणून ऐकले जाऊ लागले. नाद बदलले नव्हते, त्यांच्याभोवतीचा काळ बदलला होता. आणि रेट्रो, म्हणजे गतकाळाची शैली ओळखू येईल अशा रीतीने पुन्हा वापरणारे संगीत, हे काळाच्या या बदलावरच जगते.

जेप्सन यांचा त्या दशकाशी प्रत्यक्ष संबंध अगदी नाममात्र आहे. त्यांचा जन्म नोव्हेंबर 1985 मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील मिशन या गावी झाला. म्हणजे सिंथ-पॉपचा पहिला बहर ओसरू लागला तेव्हा त्या पाळण्यात होत्या. 2007 मध्ये 'कॅनेडियन आयडॉल' या दूरचित्रवाणी स्पर्धेत त्या तिसऱ्या आल्या, पुढच्या वर्षी त्यांचा लोकसंगीताच्या वळणाचा पहिला अल्बम निघाला, आणि 2011 मध्ये 'कॉल मी मेबी' हे गाणे आले. जस्टिन बीबर यांनी त्याचे जाहीर कौतुक केल्यानंतर ते कॅनडाच्या सीमेबाहेर पसरले आणि 2012 मध्ये अमेरिकेच्या 'बिलबोर्ड हॉट 100' या मुख्य यादीत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. एवढे मोठे यश गायिकेच्या नावाला गाण्याच्या नावाखाली गाडून टाकते. त्याच वर्षी आलेला 'किस' हा अल्बम अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे 46 हजार प्रती खपल्या, पण सर्वसामान्य श्रोत्याच्या लेखी जेप्सन एका गाण्याच्या गायिका ठरल्या, आणि अशा गायिकेकडून व्यवसायाची अपेक्षा एकच असते: तेच गाणे पुन्हा करून द्यावे.

त्यांनी ते टाळण्यासाठी तीन वर्षे घेतली. मधल्या काळात त्या न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर 'सिंड्रेला'च्या मुख्य भूमिकेत उभ्या राहिल्या, आणि नव्या अल्बमसाठी त्यांनी दोनशेहून अधिक गाणी लिहिली, ज्यांतून अखेरीस बारा निवडली गेली. सहकाऱ्यांची निवडही सूचक होती. सिया, ग्रेग कर्स्टिन आणि स्वीडनचे मॅटमन अँड रॉबिन ही मुख्य प्रवाहातील यशस्वी नावे एका बाजूला होती, तर दुसऱ्या बाजूला 'ब्लड ऑरेंज' या नावाने संगीत करणारे डेव्ह हाइन्स, 'व्हँपायर वीकेंड'चे रोस्तम बॅटमँगलिज आणि निर्माते एरियल रेक्टशेड ही, ज्यांचे काम व्यासंगी श्रोते आणि समीक्षक डोळ्यांत तेल घालून ऐकत असत. या दुसऱ्या वर्गाच्या उपस्थितीमुळे अल्बमला समीक्षकांच्या दारातून आत जाणे सोपे झाले, असे म्हणायला जागा आहे. एरवी एका 'आयडॉल' स्पर्धकाचा तिसरा अल्बम इतक्या गांभीर्याने ऐकला गेला असता की नाही, याची शंकाच आहे.

अल्बम 'रन अवे विथ मी' या गाण्याने उघडतो, आणि त्याच्या आरंभीचा सॅक्सोफोनसारखा, घुमणारा, काहीसा बेसूरपणाच्या कडेवर उभा असलेला पुकार हा या सगळ्या कथेतील सर्वांत प्रसिद्ध नाद होय. सॅक्सोफोन हे वाद्य ऐंशीच्या दशकातील पॉपमध्ये इतके वापरले गेले होते की नंतरच्या पिढीत ते चेष्टेचा विषय झाले. त्याच वाद्याचा नाद येथे सुरुवातीलाच, कोणतीही सबब न सांगता, पूर्ण ताकदीने येतो. त्यानंतर गाणे दबल्या आवाजात अंतरा म्हणते आणि ध्रुवपदाशी पोहोचताच ड्रम, सिंथेसायझर व आवाज एकदम उसळतात. पाश्चात्त्य पॉपच्या रचनेत अंतरा कथा पुढे नेतो आणि ध्रुवपद भावनेचा स्फोट घडवते. या दोहोंतील उंचीचा फरक जितका अधिक, तितका श्रोत्याला उचलले गेल्याचा अनुभव अधिक. 'रन अवे विथ मी'त हा फरक जवळजवळ निर्लज्ज म्हणावा इतका आहे. याउलट हाइन्स आणि रेक्टशेड यांच्यासोबत केलेले 'ऑल दॅट' हे संथ गाणे अमेरिकी गायक प्रिन्स यांच्या प्रेमगीतांच्या वळणावर जाते, चमकत्या, घंटेसारख्या सिंथेसायझर-स्वरांमध्ये भरपूर मोकळी जागा सोडते आणि कोठेही उसळत नाही. आणि बॅटमँगलिज यांचे 'वॉर्म ब्लड' तर ऐंशीच्या दशकाचे अनुकरण म्हणून ओळखूही येत नाही, कारण त्यात मानवी आवाजालाच यंत्रातून काढून खाली ओढलेले आहे आणि ही खूण सर्वस्वी एकविसाव्या शतकाची आहे. म्हणून 'इमोशन'ला सरसकट 'ऐंशीचा अल्बम' म्हणणे सोयीचे असले तरी ढोबळ आहे. त्याने त्या दशकाची वाद्ये आणि उंची घेतली. मांडणी मात्र आपल्या काळाची ठेवली.

बाजारात जे घडले त्याची कारणे अल्बमपेक्षा त्याच्या विक्रीच्या योजनेत अधिक सापडतात. मार्च 2015 मध्ये आगाऊ गाणे म्हणून 'आय रिअली लाइक यू' प्रसिद्ध करण्यात आले. त्यात 'रिअली' हा शब्द 67 वेळा येतो, आणि त्याच्या चित्रफितीत अभिनेते टॉम हँक्स गाण्यावर ओठ हलवत न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून फिरतात. हे गाणे ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेले, पण अमेरिकेत 39 च्या पुढे सरकले नाही; आणि ज्यांनी ते ऐकले त्यांना ते 'कॉल मी मेबी'चीच दुसरी आवृत्ती वाटले, जे जेप्सन यांना टाळायचे होते तेच. अल्बम जपानमध्ये 24 जून रोजी आणि उत्तर अमेरिकेत 21 ऑगस्ट रोजी प्रसिद्ध झाला. या दोन महिन्यांच्या अंतरात उत्सुक श्रोत्यांपर्यंत तो जपानी आवृत्तीतून झिरपला होता, तर अनुत्सुकांना त्याची वाट पाहण्याचे काही कारण उरले नव्हते. अमेरिकेच्या अल्बम-यादीत तो 16 व्या क्रमांकावर आला आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे 16 हजार प्रती खपल्या. 'रन अवे विथ मी' हे दुसरे सिंगल, म्हणजे स्वतंत्रपणे बाजारात आणलेले गाणे, अमेरिकेच्या मुख्य यादीत शिरलेच नाही.

या आकड्यांशेजारी दुसरा आकडा ठेवला तर चित्र स्पष्ट होते. दहाच महिने आधी, ऑक्टोबर 2014 मध्ये, टेलर स्विफ्ट यांचा '1989' हा अल्बम आला होता. तोही सिंथेसायझरवर उभा होता, तोही ऐंशीच्या दशकाकडे पाहत होता आणि त्याच्या तर नावातच ते दशक होते. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे 12 लाख 87 हजार प्रती खपल्या आणि 2016 मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. म्हणजे श्रोत्यांना जुना आवाज नको होता असे नव्हे. त्यांना त्या आवाजामागे एक ओळखीची व्यक्ती हवी होती, जिची भांडणे, प्रेमप्रकरणे आणि मते त्यांना ठाऊक आहेत. आणि जेप्सन यांनी अशी कोणतीच सामग्री पुरवली नव्हती.

नेमका हाच मुद्दा समीक्षेत वादाचा ठरला. निरनिराळ्या नियतकालिकांतील परीक्षणांचे गुण एकत्र करून शंभरपैकी सरासरी देणाऱ्या 'मेटाक्रिटिक' या संस्थेच्या हिशेबात 'इमोशन'ला 77 मिळाले, जे 'सर्वसाधारणपणे अनुकूल' या वर्गात बसते. 'पिचफोर्क' या प्रभावी अमेरिकी नियतकालिकाने दहापैकी 7.4 गुण दिले. हे गुण चांगले आहेत, पण पुढे या अल्बमला समीक्षकांनी डोक्यावर घेतल्याची जी आख्यायिका तयार झाली, तिच्या मानाने बेताचेच आहेत. परीक्षणांत गाण्यांच्या बांधणीची स्तुती जवळजवळ एकमुखी होती. चाली पक्क्या, ध्रुवपदे न विसरता येणारी, निर्मिती नेटकी, असे तिचे स्वरूप होते. आक्षेप होता तो गाणाऱ्या व्यक्तीविषयी. या गाण्यांत बोलणारी स्त्री कोण आहे, तिचा स्वभाव काय, हीच गाणी दुसऱ्या कोणा गायिकेच्या तोंडी घातली तर काय फरक पडेल, असे प्रश्न काही समीक्षकांनी उपस्थित केले. हा आक्षेप वरवर पाहता रास्त आहे. गाण्यांत नावे, गावे, तारखा जवळपास नाहीत. आहे ती फक्त एका भावनेची स्थिती, बहुधा प्रेम व्यक्त होण्याच्या किंचित आधीची किंवा नाकारले गेल्याच्या किंचित नंतरची. परंतु पॉप गीताने आत्मचरित्रच असले पाहिजे ही अपेक्षा 2010 च्या दशकातील फॅशन होती, ती संगीताची अट नव्हे, हे मात्र त्या वेळी फारसे कोणी म्हटले नाही.

मुळात अशा अल्बमचे गंभीर परीक्षण होणे हीच तुलनेने नवी गोष्ट होती. इंग्रजीतील संगीतसमीक्षा 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉक संगीताबरोबर वाढली आणि तिने रॉकची मूल्येच संगीताची मूल्ये मानली: कलावंताने स्वतः लिहावे, स्वतः वाजवावे, बंड करावे, बाजाराकडे पाठ फिरवावी. या भूमिकेला 'रॉकिझम' असे उपहासाचे नाव पडले. 2004 मध्ये केलेफा सॅने यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये तिच्यावर टीका करणारा बराच गाजलेला लेख लिहिला, ज्यात गोऱ्या पुरुषांच्या गिटारला खोल आणि स्त्रियांच्या वा कृष्णवर्णीयांच्या नृत्यसंगीताला उथळ मानण्याची सवय त्यांनी उघडी पाडली. त्यानंतर लोकप्रिय संगीताचे मोल त्याच्याच निकषांवर केले जावे, असे मानणारा 'पॉप्टिमिझम' नावाचा विचार बळावला. तरी जुनी सवय सहज सुटली नाही. स्विफ्ट यांच्या '1989'चे परीक्षण 'पिचफोर्क'ने तो प्रसिद्ध झाला तेव्हा केलेच नाही, पण सप्टेंबर 2015 मध्ये रायन ॲडम्स या रॉक गायकाने तोच अल्बम अथपासून इतिपर्यंत गिटारवर गाऊन प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचे मात्र केले. यावर जी टीका झाली ती या दुटप्पीपणाला धरूनच होती. 'इमोशन' नेमक्या याच महिन्यांत आला. विक्रीच्या यशाचा ओशाळवाणा भार नसलेला, कारागिरीत निर्दोष आणि आदरणीय सहकाऱ्यांनी सजलेला असा हा पॉप अल्बम समीक्षकांना आपला नवा विचार सिद्ध करण्यासाठी अगदी सोयीचा होता. त्याच्या स्तुतीत हा सोयीचा अंश होता हे मान्य केल्याने स्तुती खोटी ठरत नाही, पण ती थोडी सैल मात्र होते.

जुनेपणाविषयीचा एक वेगळा आक्षेप आधीपासून हवेत होता. ब्रिटिश समीक्षक सायमन रेनल्ड्स यांनी 2011 मध्ये 'रेट्रोमेनिया' या पुस्तकात असे प्रतिपादन केले होते की, लोकप्रिय संगीत स्वतःच्याच भूतकाळाच्या व्यसनात सापडले असून प्रत्येक जुना ध्वनी क्षणात उपलब्ध होण्याच्या या युगात नवे काही निर्माण करण्याची त्याची ओढ मंदावली आहे. त्या निकषावर 'इमोशन' दोषी ठरतो यात शंका नाही. त्याने एकही नवा नाद जन्माला घातलेला नाही. पण या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे: जुना नाद ऐकणारा तो आठवण म्हणूनच ऐकतो. जेप्सन यांचे चाहते बहुसंख्येने 1985 नंतर जन्मलेले होते. त्यांना त्या दशकाची आठवण असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना त्या नादांमधून मिळत होती ती भावना न लपवण्याची मुभा. 2010 च्या दशकातील बरेच पॉप संगीत थंड, संशयी, अर्धवट बोलणारे झाले होते. त्याच्या पार्श्वभूमीवर ऐंशीच्या दशकाची ती भव्य ध्रुवपदे म्हणजे मनातले मोठ्याने म्हणण्याची एक उपलब्ध पद्धत होती.

चाहत्यांची प्रतिक्रिया या ठिकाणी समीक्षेपेक्षा पुढे जाते. ज्या रिकामेपणाला समीक्षकांनी उणीव मानले, त्याच रिकाम्या जागेत चाहते स्वतः शिरले. गाण्यात गायिकेचे चरित्र नसल्यामुळे ते कोणाचेही होऊ शकत होते. विशेषतः समलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्य श्रोत्यांमध्ये जेप्सन यांना जी निष्ठा लाभली तिचे एक कारण येथे शोधता येते. या गाण्यांतील प्रेम बहुधा उच्चारले न गेलेले, एकतर्फी किंवा कोठेतरी पळून जाऊन जगावे लागणारे असते. 'युअर टाइप'मधील स्त्रीला ठाऊक आहे की समोरच्याला तिच्यासारखी व्यक्ती आवडत नाही, आणि तरीही ती ते बोलून दाखवते. ज्यांना आपली ओढ वर्षानुवर्षे मनात दडवून ठेवावी लागली आहे, त्यांना या स्थितीची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. शिवाय समलिंगी क्लबांतील नृत्यसंगीत आणि सिंथ-पॉप यांचे नाते डिस्को-गायिका डोना समर आणि त्यांचे निर्माते जॉर्जो मोरोडर यांच्यापासूनचे आहे, त्यामुळे हा नाद त्या श्रोत्यांसाठी परका नव्हताच.

दुसरे कारण अन्यायाची जाणीव. अल्बम खपला नाही ही गोष्ट लवकरच त्याच्या चाहत्यांची ओळख बनली: जगाला न कळलेली एक उत्तम वस्तू आपल्याला कळली आहे, हा आनंद संगीतप्रेमात कमी लेखता येत नाही. या निष्ठेची भाषा मात्र गंभीर नव्हती. तिच्यात अतिशयोक्ती आणि थट्टा यांचे मिश्रण होते. 'रन अवे विथ मी'च्या आरंभीचा सॅक्सोफोन सहा सेकंदांच्या चित्रफितींच्या 'व्हाइन' या माध्यमावर विनोदाचा विषय झाला आणि त्या विनोदातूनच गाणे आणखी लोकांपर्यंत पोहोचले. 2018 मध्ये जेप्सन यांना तलवार द्यावी, अशी एक निव्वळ विक्षिप्त मागणी चाहत्यांत पसरली, तिच्यासाठी सह्यांची मोहीम निघाली, आणि त्या वर्षी शिकागोच्या 'लोलापलूझा' महोत्सवात एका चाहत्याने खरोखरच एक फुगवायची तलवार त्यांच्या हाती दिली, जी उगारून त्या मंचावर नाचल्या. या प्रकारात काही अर्थ शोधू नये हेच बरे. पण त्यावरून एक गोष्ट दिसते की, जिला व्यक्तिमत्त्व नाही असे म्हटले गेले त्या गायिकेला तिच्या श्रोत्यांनी स्वतःच एक व्यक्तिमत्त्व घडवून दिले, आणि तिने ते हसून स्वीकारले.

व्यवसायाच्या दृष्टीने याचा परिणाम असा झाला की, टाकून दिलेली गाणीही मागणीत आली. दोनशेंपैकी निवडीत मागे राहिलेल्या आठ गाण्यांचा 'इमोशन: साइड बी' हा संच ऑगस्ट 2016 मध्ये, मूळ अल्बमच्या वर्षपूर्तीच्या सुमारास निघाला, आणि मूळ अल्बमइतकाच आवडीने ऐकला गेला. 2017 मध्ये एका ॲनिमेशनपटासाठी दिलेले 'कट टु द फीलिंग' हेही मुळात याच काळातील गाणे, आणि त्याची उसळी पाहता ते बाराच्या निवडीत का बसले नाही याचे आश्चर्य वाटते. त्यानंतर 'डेडिकेटेड' (2019) या अल्बमचीही दुसरी बाजू एका वर्षाने काढण्यात आली. ज्या अल्बमचा खप होत नाही त्याच्या उरलेल्या गाण्यांना गिऱ्हाईक असते, हे व्यापाराच्या नेहमीच्या गणितात बसत नाही. येथे ते बसले, कारण लहान पण स्थिर श्रोतृवर्ग हा एका आठवड्याच्या यादीत कधीच दिसत नाही.

उशिरा लागणाऱ्या अशा निकालांचे एक उदाहरण मुंबईतच आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये जपानी रोलँड कंपनीची ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808 ही यंत्रे वापरून भैरव, यमन अशा दहा रागांची डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रिका काढली, आणि तिच्याकडे त्या वेळी कोणाचेच लक्ष गेले नाही. 2010 मध्ये नेदरलँड्समधील एका संग्राहकाच्या प्रयत्नाने ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा युरोपातील समीक्षकांना तीत शिकागोच्या 'ॲसिड हाउस' या नृत्यसंगीताशी, जे 1987 च्या आसपास अवतरले, चकित करणारे साम्य आढळले, आणि सिंग यांना त्या शैलीचे जनक ठरवण्यापर्यंत काहींची मजल गेली. हा दावा टिकत नाही, कारण शिकागोच्या संगीतकारांनी ही मुद्रिका ऐकली असण्याचा संभव नाही. समान यंत्रांनी समान नाद दिले एवढेच. परंतु उतारवयात सिंग यांना युरोपातील मंचांवर वाजवता आले ते या अतिशयोक्तीमुळेच, हेही खरे. 2015 च्या जुलैमध्ये, 'इमोशन' जपानच्या दुकानांत असताना, त्यांचे मुंबईत निधन झाले.

'इमोशन'ची फेरतपासणी तितकी नाट्यमय नव्हती, पण तिला पुढील घटनांचे बळ मिळाले. 2019 च्या अखेरीस टोरांटोच्या द वीकेंड यांचे 'ब्लाइंडिंग लाइट्स' आले, 2020 च्या मार्चमध्ये त्यांचा 'आफ्टर आवर्स' आणि दुआ लिपा यांचा 'फ्यूचर नॉस्टॅल्जिया' एका आठवड्याच्या अंतराने प्रसिद्ध झाले, आणि ऐंशीच्या दशकातील सिंथेसायझर पुन्हा मुख्य प्रवाहाच्या अगदी मध्यावर येऊन बसला. 'ब्लाइंडिंग लाइट्स'ला बिलबोर्डने 2021 मध्ये आपल्या हॉट 100 यादीच्या इतिहासातील सर्वांत यशस्वी गाणे ठरवले, तर 'आफ्टर आवर्स'ला ग्रॅमीत एकही नामांकन मिळाले नाही. म्हणजे बाजार आणि मान्यता यांची फारकत येथेही झाली, फक्त उलट दिशेने. जेप्सन काळाच्या पाच वर्षे पुढे होत्या, असे त्यानंतर म्हटले जाऊ लागले. हे म्हणणे गोड असले तरी फारसे अचूक नाही, कारण '1989' त्यांच्याही आधी आलेला होता आणि त्याला श्रोते कमी पडले नव्हते.

चाहत्यांच्या निष्ठेने या अल्बमचे एक नुकसानही केले आहे: त्यातील कच्च्या जागांविषयी कोणी बोलेनासे झाले. अकराव्या क्रमांकाच्या आसपास अल्बमचा वेग ढिला पडतो, 'आय रिअली लाइक यू' आजही उरलेल्या गाण्यांच्या संगतीत बिचकल्यासारखे उभे आहे, आणि 'एलए हॅल्युसिनेशन्स' या गाण्यात तर बझफीड आणि टीएमझी या त्या काळच्या गावगप्पांच्या संकेतस्थळांची थेट नावे येतात. लॉस एंजेलिसमधील प्रसिद्धीच्या पोकळपणावरचे ते गाणे अल्बममधील सर्वांत समकालीन गाणे होते, प्रत्यक्ष 2015 मध्ये घट्ट रोवलेले. आणि दहा वर्षांनंतर अल्बममध्ये खरोखर जुने झालेले असे काही ऐकू येत असेल, तर ते तेच.